विश्लेषण : कोल्हापूरची पोरं रेसिंगच्या शिडीवर कुठे अडतात?

कोल्हापूर म्हटले की कुस्ती, फुटबॉल आणि नेमबाजी आठवते. मात्र याच शहराने कार्टिंगचा ट्रॅक उभा केला, राष्ट्रीय मालिकांत चालक उतरवले आणि इथला एक तरुण ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या हंगामातही धावला. तरीही फॉर्म्युला वनकडे जाणाऱ्या शिडीवर कोल्हापूरचे किंवा राज्याचे नाव सातत्याने का दिसत नाही? अडचण गुणवत्तेची आहे की पैशाची? आणि त्यावर उपाय स्थानिक पातळीवर निघू शकतो का?

सिंगल-सीटर रेसिंग म्हणजे काय?

एकच चालक बसू शकेल अशी, चाके उघडी असलेली आणि फक्त शर्यतीसाठी बांधलेली गाडी म्हणजे सिंगल-सीटर. फॉर्म्युला वन हे या प्रकाराचे शिखर. तिथवर पोहोचण्याची वाट ठरलेली आहे. वयाच्या सात-आठ वर्षांपासून कार्टिंग, पंधराव्या वर्षी फॉर्म्युला फोर, त्यानंतर फॉर्म्युला थ्रीच्या दर्जाच्या मालिका, मग फॉर्म्युला टू आणि शेवटी फॉर्म्युला वन. जागतिक महासंघाने (एफआयए) २०१४ पासून देशोदेशी फॉर्म्युला फोर मालिका सुरू केल्या, त्यामागे कार्टिंगमधून येणाऱ्या मुलांना पहिली पायरी मिळावी हाच हेतू होता.

या बहुतेक ज्युनिअर मालिकांत सगळ्यांच्या गाड्या सारख्याच असतात. शासी एकाच कंपनीची, इंजिन एकाच बनावटीचे, टायरही तेच. त्यामुळे वरवर पाहता ही फक्त चालकाच्या कौशल्याची लढत वाटते. प्रत्यक्षात फरक पडतो तो सरावाच्या दिवसांत, अनुभवी इंजिनीअरच्या सल्ल्यात, सिम्युलेटरवर घालवलेल्या तासांत आणि ताज्या टायरच्या संचांत. यातली प्रत्येक गोष्ट पैसे मोजून मिळते.

सुपरलायसन्सचे गणित काय आहे?

मॅक्स वेर्स्टापेन २०१५ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला. त्यानंतर नियम कडक झाले. २०१६ पासून फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी, म्हणजे सुपरलायसन्ससाठी, किमान वय १८ वर्षे आणि तीन हंगामांत मिळून ४० गुण अशी अट आली. अपवादात्मक गुणवत्तेच्या चालकासाठी सतराव्या वर्षी परवाना देण्याची मुभा २०२४ मध्ये ठेवण्यात आली. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांना थेट ४० गुण मिळतात, फॉर्म्युला थ्रीच्या विजेत्याला ३०, तर राष्ट्रीय फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला १२.

याचा अर्थ सरळ आहे. खालच्या पायरीवर कितीही जिंकले तरी तेवढ्यावर भागत नाही. वरच्या पायरीवर जावेच लागते, आणि ती पायरी युरोपात आहे. एखादा हंगाम पैशाअभावी हुकला, तर फक्त ते वर्ष वाया जात नाही, तीन हंगामांची मुदतही सरकत राहते. वय वाढते, संघांच्या नजरेतून मुलगा उतरतो.

कोल्हापूरचा यात संबंध कसा?

कोल्हापूरला यंत्राचे वेड जुने आहे. ऑइल इंजिन बनवणारे कारखाने, शिवाजी उद्यमनगरातल्या लेथच्या शेडी, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेकडो फौंड्री, ही इथली ओळख आहे. देशातल्या मोठ्या वाहन कंपन्यांसाठी लागणारे ओतकाम इथे होते. मेनन पिस्टन्ससारखी इंजिनचे सुटे भाग बनवणारी कंपनी इथलीच. फारसे शिक्षण नसतानाही इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे मेस्त्री या शहराने पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत.

या वातावरणात मोटरस्पोर्ट रुजले नसते तरच नवल. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर गेल्या दशकात राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग मालिकेच्या फेऱ्या झाल्या. चेन्नई, बेंगळुरू, आग्रा इथली मुले शर्यतीसाठी कोल्हापुरात येत होती, हे चित्र देशातल्या फार थोड्या जिल्ह्याच्या शहरांच्या वाट्याला आले. ध्रुव मोहिते हा कोल्हापूरचा चालक फोक्सवॅगनच्या अमियो कप मालिकेत आघाडीवर राहिला. चित्तेश मंदोडी याने एलजीबी फॉर्म्युला फोर गटात कोल्हापूरचे नाव राष्ट्रीय ट्रॅकवर नेले. आणि कृष्णराज महाडिक थेट इंग्लंडमध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला.

२०१८ चा हंगाम काय सांगतो?

कृष्णराज २०१८ मध्ये ‘डबल आर रेसिंग’ या संघाकडून ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत धावत होता. सिल्व्हरस्टोन, ब्रँड्स हॅच, डॉनिंग्टन, बेल्जियममधील स्पा अशा नामवंत ट्रॅकवर तो हंगाम झाला. सगळ्यांच्या गाड्या एकाच बनावटीच्या होत्या. हीच मालिका २०२१ पासून ‘जीबी थ्री’ या नावाने ओळखली जाते.

त्या हंगामातल्या चालकांची पुढची वाटचाल पाहिली, तर ज्युनिअर रेसिंगचे वास्तव कळते. विजेता ठरला स्वीडनचा लिनस लुंडक्विस्ट, तोही डबल आर संघाचाच. पुढे तो अमेरिकेत गेला आणि २०२२ मध्ये त्याने इंडी लाइट्सचे विजेतेपद मिळवले. इंडीकारच्या खालची ही मालिका जिंकूनही २०२३ मध्ये त्याला पूर्ण हंगामाची जागा मिळाली नाही, एका जखमी चालकाच्या बदली काही शर्यती तेवढ्या वाट्याला आल्या. २०२४ मध्ये चिप गनासी संघाने त्याला संधी दिली, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि संघाने गाड्या कमी केल्यावर पुढच्या हंगामात पुन्हा बाहेर राहिला.

त्याच हंगामात जेमी चॅडविकने ब्रँड्स हॅचवर शर्यत जिंकली. ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीची शर्यत जिंकणारी ती पहिली महिला. पुढच्याच वर्षी फक्त महिलांसाठीची ‘डब्ल्यू सीरिज’ सुरू झाली. तिथे चालकांना पैसे भरावे लागत नव्हते. चॅडविक त्या मालिकेची पहिली विजेती ठरली. २०१७ मध्ये फॉर्म्युला फोरच्या अपघातात दोन्ही पाय गमावलेला बिली मोंगर हाताने चालवता येईल अशा गाडीतून २०१८ च्या मालिकेत परतला आणि पहिल्याच फेरीत पहिल्या तिघांत आला. गुणतक्त्यात तिसरा होता बेंगळुरूचा कुश मैनी. तो पुढे फॉर्म्युला टूपर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये मोनॅकोची स्प्रिंट शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच ट्रॅकवर, सारख्याच गाड्यांत बसलेल्या या तरुणांपैकी विजेत्यालाही जागेची शाश्वती नव्हती. जिंकणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, हा या खेळाचा पहिला धडा आहे. कोल्हापूरच्या चालकाचे मोजमाप करतानाही हा धडा विसरून चालत नाही. ‘तो फॉर्म्युला वनला का पोहोचला नाही’ हा प्रश्न चुकीचा आहे. ‘त्याच्यानंतर दुसरा कोण’ हा खरा प्रश्न आहे.

खर्च एवढा का येतो?

युरोपात फॉर्म्युला फोरचा एक हंगाम काही लाख युरोंचा असतो. फॉर्म्युला थ्रीसाठी दहा लाख युरोंच्या आसपास आणि फॉर्म्युला टूसाठी त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम लागते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. दहा लाख युरो म्हणजे सुमारे दहा कोटी रुपये, एका वर्षाचे. यात संघाचे शुल्क, सराव, टायर, इंजिनची देखभाल, प्रवास, राहणे आणि अपघातातली मोडतोड येते. विजेत्याच्या बक्षिसातून हा खर्च निघत नाही. या पायऱ्यांवर संघ चालकाला पगार देत नाही, चालक संघाला पैसे देतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही गोष्ट समजतच नाही.

म्हणूनच या वाटेवर पुढे गेलेल्या भारतीयांकडे पाहिले की एक समान धागा दिसतो. पहिला भारतीय फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन कोइमतूरच्या उद्योजक कुटुंबातला, शिवाय वडील स्वतः रॅलीचे चालक. मैनी बंधू बेंगळुरूच्या उद्योजक घराण्यातले. कृष्णराज खासदार धनंजय महाडिक यांचा मुलगा. यात त्यांच्या गुणवत्तेला कमी लेखण्याचा प्रश्न नाही. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात ब्रेक कुठे दाबायचा, हे वडिलांचा पैसा शिकवत नाही. परंतु तो ब्रेक दाबण्याची संधी मात्र पैशाखेरीज मिळत नाही.

परदेशातही चित्र वेगळे नाही. लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी मुलाच्या कार्टिंगसाठी एका वेळी अनेक नोकऱ्या केल्या, एस्तेबान ओकॉनच्या आईवडिलांनी घर विकून कॅराव्हॅनमध्ये दिवस काढले. फरक एवढाच की, हॅमिल्टनला १९९८ मध्ये मॅक्लारेन-मर्सिडीजच्या युवा योजनेने उचलले. घरच्यांची ताकद संपते तिथे हात देणारी यंत्रणा तिथे होती.

भारतात शिकण्याची सोय काय आहे?

स्वस्तात रेसिंग शिकवण्याचा प्रयोग भारतात यशस्वी झालेला आहे, आणि तो कोइमतूरने केला. तिथले उद्योजक एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून १९८८ मध्ये ‘फॉर्म्युला मारुती’ गाडी बांधली. परदेशी गाडी आणण्याऐवजी बाजारात मिळणाऱ्या भागांतून देशी सिंगल-सीटर उभी करायची, ही त्यामागची कल्पना. नारायण कार्तिकेयनची सुरुवातीची शर्यत याच गाडीतली. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन यांचा मृत्यू झाला. आज कोइमतूरजवळचा ट्रॅक त्यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे एलजी बालकृष्णन अँड ब्रदर्स या तिथल्याच उद्योगाने मारुतीचेच इंजिन वापरून एलजीबी गाड्या आणल्या. आजही अनेक भारतीय चालकांची पहिली सिंगल-सीटर हीच असते.

अलीकडे एफआयएच्या मान्यतेची भारतीय फॉर्म्युला फोर मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या दोन हंगामांची विजेतेपदे मात्र ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर आणि दक्षिण आफ्रिकेचा अकिल अलीभाई यांच्याकडे गेली. परदेशी चालक येणे वाईट नाही, त्याने स्पर्धेचा दर्जा वाढतो. पण ते चालक कार्टिंगची अनेक वर्षे पाठीशी घेऊन येतात, तर आपल्याकडची मुले एकदम या पायरीवर चढतात. मधला जिना नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

ट्रॅकही मोजकेच आहेत. चेन्नईजवळचा १९९० पासूनचा, कोइमतूरचे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. बुद्धवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन आले आणि कराच्या वादात गेले. जगातली सर्वात महागडी शर्यत आणली, पण तिच्या खालचा पाया कोणी घातला नाही. कोल्हापूरच्या मुलाला सिंगल-सीटरचा गंभीर सराव करायचा, तर आजही तमिळनाडूची वाट धरावी लागते.

तालमीत जे आहे, ते ट्रॅकवर का नाही?

कोल्हापूरला खेळाडू घडवण्याची पद्धत बाहेरून शिकायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला नुसती बक्षिसे दिली नाहीत. मल्लांच्या खुराकाची सोय केली, तालमींना आधार दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधले. म्हणजे शिकण्याची जागा, पोटाची काळजी आणि लढायला आखाडा, तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. गरीब घरातला पोरगा तालमीत येऊ शकला, तो त्यामुळे.

ही साखळी तुटली की काय होते, हेही कोल्हापूरने पाहिले आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिले. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, ती सांगायलाच हवी. पण प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागते, ती व्यवस्था नव्हे.

व्यवस्था कशी असते, त्याचे उदाहरण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. नेमबाजी हाही महागडाच खेळ. रायफल, जॅकेट, काडतुसे, कशालाच मर्यादा नाही. शिक्षकाचा हा मुलगा २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे रेल्वेत नोकरी मिळाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला त्याने कांस्यपदक जिंकले. महागडा खेळ सामान्य घरातल्या मुलाच्या आवाक्यात येऊ शकतो, फक्त मधल्या पायऱ्यांवर कोणीतरी उभे असावे लागते. मोटर रेसिंगच्या मुलामागे असे कोणीच उभे नाही.

हे श्रीमंतांचे चोचले नाहीत का?

हा आक्षेप खोटा नाही. ज्या जिल्ह्यात शाळांची मैदाने अपुरी आहेत, तिथे सरकारी तिजोरीतून एका मुलाच्या युरोपातल्या हंगामाला दहा कोटी द्यावेत, असे कोणीही म्हणणार नाही, म्हणूही नये. तेवढ्या पैशात शेकडो मुलांचे प्रशिक्षण होईल. शिवाय हा ऑलिम्पिकमधला खेळ नाही, इंधन जाळणारा आहे आणि धोक्याचाही आहे.

मात्र रेसिंग म्हणजे फक्त चालक नव्हे. एका गाडीमागे मेकॅनिक, डेटा वाचणारे, टायर सांभाळणारे, वेल्डर, फॅब्रिकेटर असा ताफा असतो. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या परिसरात या कामावर आख्खा उद्योग उभा आहे. कोल्हापूरच्या फौंड्री आज मुख्यतः दुसऱ्याने दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे ओतकाम करतात. स्वतः रचना करायची, तिची चाचणी घ्यायची, मोडले तर रात्रीत दुरुस्त करून सकाळी पुन्हा ट्रॅकवर उतरवायची, ही शिस्त रेसिंग शिकवते. वाहन उद्योग विजेकडे वळत असताना इंजिनच्या सुट्या भागांवर जगणाऱ्या शहराला अशा कौशल्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाहा’ आणि ‘सुप्रा’सारख्या स्पर्धांसाठी गाड्या बांधतात, पण स्पर्धा संपली की ती गाडी महाविद्यालयाच्या कोपऱ्यात गंजत पडते. पुढे जायला जागाच नाही.

धोक्याचे म्हणाल, तर वेगाची हौस ट्रॅक नसल्याने थांबत नाही, ती रस्त्यावर येते. महामार्गावर आणि शहराच्या रस्त्यांवर रात्री दुचाकी पळवणाऱ्या पोरांकडे ना हेल्मेट असते, ना रुग्णवाहिका. ट्रॅकवर निदान परवाना, तपासणी, बचाव पथक आणि नियम मोडल्यास शिक्षा असते. तरीही ट्रॅकवर जीव जातात, आणि मोंगरचा अपघात इंग्लंडसारख्या देशात झाला होता, हे लक्षात ठेवायला हवे. त्यामुळे ज्युनिअर रेसिंग वाढवायचे, तर डॉक्टर आणि बचाव पथकाचा खर्च आधी आणि गाड्यांचा नंतर, हा क्रम बदलता येणार नाही.

मग काय करता येईल?

उपाय युरोपात नाही, पहिल्या दोन पायऱ्यांत आहे. पहिली पायरी कार्टिंगची. मूल स्वतःचे कार्ट घेऊन येईल ही अपेक्षा सोडून ट्रॅकची कार्ट सगळ्यांना आळीपाळीने मिळतील अशी जिल्हास्तरीय मालिका सुरू करता येईल. कोणते कार्ट कोणाला, हे चिठ्ठी टाकून ठरवले, तर पैशाचा फायदा बराच कमी होतो. फोर्स इंडियाने २०११ मध्ये देशभर निवड चाचण्या घेऊन जहान दारूवाला आणि अर्जुन मैनी यांना निवडले होते. एकाच उपक्रमातून दोन आंतरराष्ट्रीय चालक मिळाले, पण असा शोध नियमित झाला नाही. हेच काम जिल्ह्याच्या पातळीवर दरवर्षी झाले, तर मेस्त्रीच्या पोरालाही एकदा सीटवर बसता येईल.

दुसरी पायरी गाडीची. करिवर्धन यांनी कोइमतुरात जे केले, ते करण्याची क्षमता उद्यमनगरात आहे. चार-पाच फौंड्री आणि मशीन शॉप, एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि एक ट्रॅक एकत्र आले, तर सरावाची साधी सिंगल-सीटर इथे बनू शकते. सामाजिक दायित्वाच्या निधीतून राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांच्या प्रशिक्षणाला पैसे देण्याची कायद्यात तरतूद आहे. त्याचा वापर करून गाडीच्या ठेक्यापेक्षा मुलांच्या सरावाचे दिवस वाढवावेत. आणि राज्याने क्रीडा प्रबोधिनीच्या धर्तीवर मोटरस्पोर्टसाठी मोजक्या शिष्यवृत्त्या ठेवाव्यात. त्या राष्ट्रीय मालिकेपुरत्याच असाव्यात, निवड ट्रॅकवरच्या वेळेने व्हावी आणि वेळा जाहीर व्हाव्यात.

एवढे करूनही कोल्हापूरचा चालक फॉर्म्युला वनमध्ये जाईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. जगभरातून तिथे वीस-बावीस जागा असतात. पण तालमीत उतरणारा प्रत्येक पोरगा हिंदकेसरी होत नाही, म्हणून कोणी तालमी बंद केल्या नाहीत. शाहू महाराजांनी आखाडा बांधताना त्यात कोणाचा मुलगा उतरणार, हे विचारले नव्हते. ट्रॅकच्या दारावरही तो प्रश्न विचारला जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.